एका पेटीचा फरक

आमच्या मेहुण्यांनी ड्रॅक्युलाचे एकोणीस सिनेमे पाहिले आहेत. आकडा त्यांनी सांगितलेला. मी तपासलेला नाही. मेहुण्याचा आकडा तपासायला जाणारा माणूस संसारात सुखी होत नाही, एवढं मला वीस वर्षांच्या अनुभवाने कळलं आहे. गेल्या महिन्यात एका रविवारी ते जेवायला आले होते. बासुंदीच्या तिसऱ्या वाटीनंतर माणूस एक तर झोपतो किंवा मतं द्यायला लागतो. मेहुणे झोपले नाहीत. माझ्या कपाटातलं 'ड्रॅक्युला' हे जाडजूड पुस्तक त्यांनी दोन बोटांत धरून बाहेर काढलं, चार ठिकाणी उघडून पाहिलं आणि म्हणाले,

"भाऊजी, हे काही वाचवत नाही हो! सिनेमे कसले जबरदस्त आहेत. आणि ह्यात काय, तर डायऱ्या, पत्रं, तारा, पावत्या. एखाद्या ऑफिसची फाईल वाचतोय असं वाटतं."

"अहो, फाईलच आहे ती! आणि म्हणूनच ती भयानक आहे!" मी ओरडलो. ओरडलो म्हणजे काय, आमच्या घरात माझा आवाज जितका वर जाऊ शकतो तितका गेला.

"काय झालं हो?" आतून विचारणा झाली.

"ड्रॅक्युला!" मी म्हणालो.

"मग दार लावून घ्या. आणि ताक हवंय का विचारा दादाला."

त्या दिवशी मी यजमान होतो, म्हणून गप्प बसलो. आज लेखक आहे, तेव्हा बसणार नाही. माझा आरोप साधा आहे. गेली शंभर वर्षं सिनेमावाल्यांनी आणि टीव्हीवाल्यांनी ड्रॅक्युलाच्या गोष्टीतून एका माणसाला पद्धतशीरपणे हाकलून लावलं आहे. तो माणूस म्हणजे कारकून. ड्रॅक्युलाला क्रूसाने मारलं नाही, लसणाने तर नाहीच नाही. ड्रॅक्युलाला फायलिंगने मारलं!

माझं भुताखेतांशी वैर आहे असं कोणी समजू नये. नारायण धारपांच्या आणि रत्नाकर मतकरींच्या गोष्टी पांघरुणात बॅटरी घेऊन वाचत मी मोठा झालो. 'ड्रॅक्युला' हाती लागलं ते बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षी, कॉस्टिंगच्या पेपरच्या आदल्या रात्री. पेपर कसा गेला ते विचारू नका. मात्र त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं, की ज्या नोकरीसाठी आपण हा सगळा अभ्यास करतो आहोत, त्या नोकरीतही काही पराक्रम असू शकतो.

आता पुस्तकात काय आहे ते पाहा. ब्रॅम स्टोकरची ही कादंबरी १८९७ साली लंडनला प्रसिद्ध झाली. ती सुरू कशाने होते? विजांच्या कडकडाटाने? वटवाघळाने? छे! गाडी एक तास लेट आहे, या नोंदीने सुरू होते. ही नोंद करतो जोनाथन हार्कर. हा एक्झेटरच्या एका सॉलिसिटरच्या कचेरीतला कारकून. नुकताच परीक्षा पास झाल्याची बातमी आल्यामुळे आता आपल्याला कारकून म्हणायचं नाही, आपल्या वाग्दत्त वधूला ते आवडणार नाही, असं तो स्वतःलाच बजावतो. सी.ए.आय.आय.बी. पास झालेल्या माणसाला हे दुःख समजावून सांगायला नको. साहेबांना गाउट झालेला, म्हणून ह्याला ट्रान्सिल्व्हानियाच्या टूरवर पाठवलेलं. काम एकच: तिकडच्या एका सरदाराला इंग्लंडमध्ये घर घ्यायचं आहे, त्याची कागदपत्रं पुरी करायची. वाटेत खाल्लेलं पदार्थ आवडले तर त्याची कृती बायकोसाठी मागून घ्यायची, अशीही आठवण तो लिहून ठेवतो. असा माणूस. तुमच्याआमच्यातला.

आणि तो सरदार? सिनेमातला ड्रॅक्युला डोळे वटारतो, झगा पसरतो. पुस्तकातला ड्रॅक्युला एका संध्याकाळी सोफ्यावर पडून चक्क इंग्लंडच्या रेल्वेचं टाइमटेबल वाचत असतो! त्याच्या वाचनालयात लंडनची डिरेक्टरी आहे, पंचांगासारखी वार्षिकं आहेत, वकिलांची यादी आहे. तो हार्करला विचारतो, एकाच वेळी दोन सॉलिसिटर ठेवता येतात का? एका बंदरावर माल उतरवायचा असेल तर तिथला वेगळा माणूस नेमता येईल का? म्हणजे कोणाही एका माणसाला आपला सगळा व्यवहार कळू नये. हार्कर मनात म्हणतो, हा गृहस्थ उत्तम सॉलिसिटर झाला असता.

मग एक दिवस हा सरदार अतिशय गोड आवाजात हार्करला तीन पत्रं लिहायला सांगतो. काम संपत आलं, उद्या निघतो, निघालो. आणि तारखा घालायच्या पुढच्या: १२ जून, १९ जून आणि २९ जून. पोस्ट-डेटेड! चेक पुढच्या तारखेचा असतो हे आम्हाला माहीत आहे. माणसाचं मरण पुढच्या तारखेचं असतं हे इथे कळतं. हार्करला आपलं आयुष्य किती उरलं ते त्या तारखांवरून समजतं. रक्ताचा एक थेंब नाही, किंकाळी नाही. टाक, कागद आणि तारीख. एकोणीस सिनेमे एकीकडे आणि हे अर्धं पान एकीकडे!

पण खरी भीती पुढेच आहे. ड्रॅक्युलाला झोपायला आपल्या गावची माती लागते. म्हणून तो मातीने भरलेल्या ५० पेट्या इंग्लंडला पाठवतो. वार्ना बंदरातून डिमीटर नावाच्या जहाजाने त्या व्हिट्बीला येतात. वाटेत जहाजावरचे खलाशी एकामागून एक नाहीसे होतात. कप्तान सुकाणूच्या चाकाला स्वतःला बांधून घेऊन मरतो. पण मरेपर्यंत रोजची नोंद लिहीत राहतो. (आमच्या शाखेत काही जण मस्टरवर सही करून चहाला जातात. असो.) जहाज किनाऱ्याला लागतं, आणि माल? माल रीतसर ताब्यात घेतला जातो! व्हिट्बीचा सॉलिसिटर लंडनच्या वाहतूक कंपनीला पत्र लिहितो, सोबत १० पौंडांचा चेक जोडतो, खर्च कमी झाला तर उरलेली रक्कम परत करा म्हणतो. चार दिवसांनी कंपनीचं उत्तर येतं: पेट्या सांगितल्या जागी पोचवल्या, जादा झालेले १ पौंड १७ शिलिंग ९ पेन्स परत पाठवत आहोत, पावती जोडली आहे.

मी लगेच कागदावर वजाबाकी केली. सवय आहे. ८ पौंड २ शिलिंग ३ पेन्स. एवढ्या खर्चात सैतानाचं बिऱ्हाड लंडनला पोचलं. कोणी लाच घेतली नाही, कोणी दिरंगाई केली नाही, जास्तीचे पैसे इमानदारीने परत केले. इन्व्हॉइसवर 'माती, प्रयोगासाठी' असं लिहिलेलं होतं. सगळे कागद बरोबर होते.

हे वाक्य लक्षात ठेवा. मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

आता अशा माणसाला पकडायचं कसं? सिनेमात डॉक्टर व्हॅन हेल्सिंग येतो आणि क्रूस दाखवतो. पुस्तकातही तो येतो, पण खरं काम करते मीना, म्हणजे हार्करची बायको. ती टायपिंग आणि शॉर्टहँड शिकलेली आहे. डॉक्टर सीवर्ड आपली डायरी मेणाच्या नळकांड्यांवर बोलून ठेवतो. मोठा आधुनिक माणूस! पण महिनोन् महिने बोलल्यावर त्याच्या लक्षात येतं, की यातली एखादी विशिष्ट नोंद शोधायची झाली तर ती कशी शोधायची याचा आपण कधी विचारच केलेला नाही. आमच्या रेकॉर्ड रूममध्ये हा प्रश्न बऱ्याच जणांना पडलेला मी पाहिला आहे. मीना बसते. नवऱ्याची डायरी, डॉक्टरची नळकांडी, वर्तमानपत्रांची कात्रणं, सगळं टाइप करते, तारखेप्रमाणे लावते, आणि कार्बन घालून तीन प्रती काढते. त्याबरोबर वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळे झालेले भास एकाच माणसाची चाल होऊन समोर उभे राहतात.

हे कळल्यावर ड्रॅक्युला काय करतो माहीत आहे? तो रात्री घरात शिरून कागद जाळतो! नळकांडीसुद्धा आगीत टाकतो. म्हणजे त्याला बरोबर कळलेलं असतं, की आपला शत्रू क्रूस नव्हे, फाईल आहे. पण दुसरी प्रत तिजोरीत असते. मी त्या रात्री पुस्तक छातीशी धरून अक्षरशः टाळी वाजवली.

पुढे तर बँकेतला माणूस नाचेल. हार्कर पेट्यांच्या मागे लागतो. ५० आल्या, पण पर्फ्लीटजवळच्या पडक्या घरात मोजल्या तर २९ भरल्या. फरक २१ चा. हार्कर हमालांना गाठतो, त्यांचे घसे ओले करतो, एकाच्या खिशातल्या चुरगळलेल्या वहीतून पेन्सिलीच्या पुसट नोंदी मिळतात. ६ पेट्या एका जागी, ६ दुसऱ्या जागी, ९ पिकॅडिलीच्या घरात. सहा आणि सहा बारा, बारा आणि नऊ एकवीस. टॅली झालं! पिकॅडिलीचं घर कोणी घेतलं हे दलाल सांगत नाही, गिऱ्हाइकाची गोष्ट बाहेर कशी सांगणार. पण एका लॉर्डचं नाव ऐकताच तोच दलाल सविनय पत्र लिहून कळवतो, की एका परदेशी उमरावाने सगळी रक्कम काउंटरवर रोख मोजून दिली. (रोख! आमच्याकडे आला असता तर फॉर्म भरता भरता उजाडलं असतं.) मंडळी पिकॅडिलीच्या घरात शिरतात, पेट्या मोजतात. नऊ हव्यात, आठच आहेत.

एका पेटीचा फरक.

वाचकहो, तुमच्यापैकी जे बँकेत आहेत त्यांच्या पोटात इथे गोळा आला असेल. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत अजून लेजरं होती. दहा पैशांचा फरक लागला तर रात्री नऊनऊ वाजेपर्यंत सगळा स्टाफ थांबायचा. नवखेपणी मी आमच्या हेड क्लार्कना, आम्ही त्यांना तात्या म्हणत असू, म्हणालो होतो, "तात्या, दहा पैसे मी माझ्या खिशातून टाकतो, पण घरी जाऊ या." तात्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "अरे, फरक दहा पैशांचा दिसतो. आत एक हजारांची चूक जमेला आणि एक हजार दहा पैशांची नावे असेल. फरक लहान असतो रे, चूक लहान नसते." कादंबरीचा सगळा शेवटचा भाग म्हणजे त्या एका पेटीचा पाठलाग आहे. जहाजांच्या नोंदी, तारा, नकाशा, आणि पेटी कोणत्या नदीने जाईल याचं मीनाने केलेलं टिपण. ६ नोव्हेंबरला सूर्य मावळता मावळता पेटी सापडते. फरक निघतो.

आता सिनेमावाल्यांनी ह्याचं काय केलं ते पाहा.

१९२२ साली जर्मनीत मुर्नाऊने 'नोस्फेराटू' काढला. परवानगी न घेताच. स्टोकरच्या विधवेने दावा लावला आणि कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. तरी काही प्रती उरल्या म्हणून आज तो पाहता येतो. पुन्हा जादा प्रत! सिनेमा सुंदर आहे, ते मी मान्य करतो. पण उन्हाने पिशाच मरतं ही टूम त्यानेच काढली. पुस्तकातला ड्रॅक्युला भर दिवसा लंडनमध्ये टोपी घालून फिरतो. त्याची ताकद दिवसा कमी होते एवढंच. मात्र ऊन पडलं की काम फत्ते, असं ठरल्यावर कारकुनाची गरजच काय? खिडकी उघडायला शिपाईसुद्धा चालेल.

१९३१ साली बेला लुगोसीचा 'ड्रॅक्युला' आला. त्यात ट्रान्सिल्व्हानियाला हार्कर जातच नाही! रेनफील्डला पाठवतात, आणि हार्कर घरात नुसता काळजी करत हिंडतो. १९५८ च्या ख्रिस्तोफर लीच्या चित्रपटात हार्कर ग्रंथपाल बनून येतो, तोही खोटा, आणि अर्ध्या वाटेच्या आतच पिशाच होऊन मरतो. शिवाय तो ड्रॅक्युला इंग्लंडला जातच नाही. म्हणजे जहाज नाही, पेट्यांची पावती नाही, वाहतुकीचा खर्च नाही. सिनेमाच्या बजेटमध्ये बसत नसेल. ८ पौंड २ शिलिंग ३ पेन्स! १९९२ साली कपोलाने तर चित्रपटाच्या नावातच 'ब्रॅम स्टोकर' घातलं, आणि मीनाला ड्रॅक्युलाची गतजन्मीची बायको करून टाकलं. टाइपरायटर दाखवला, हे उपकारच. पण जिने त्याला कागदांत पकडला, तिला त्याच्या प्रेमात पाडलं! १९७७ साली बीबीसीने टीव्हीसाठी केलेला 'काउंट ड्रॅक्युला' त्यातल्या त्यात पुस्तकाला धरून आहे. म्हणूनच की काय, मेहुण्यांच्या एकोणीसात तो नाही. त्याच बीबीसीने २०२० साली तीन भागांची नवी मालिका केली, तिच्यात हार्करची पहिल्याच भागात वाट लावली आणि तिसऱ्या भागात ड्रॅक्युलाला आजच्या लंडनमध्ये आणून त्याच्या हाती मोबाइल दिला.

मेहुण्यांचं यावर म्हणणं असं, की "भाऊजी, सिनेमात काय दोन तास इन्व्हॉइस दाखवायचे?" मुद्दा खोडसाळ असला तरी मुद्दा आहे. उत्तर देतो. १९७६ साली 'ऑल द प्रेसिडेंट्स मेन' नावाचा चित्रपट निघाला. त्यात दोन बातमीदार ग्रंथालयात बसून पुस्तकं नेल्याच्या चिठ्ठ्या चाळतात, फोन करतात, टाइप करतात. प्रेक्षक श्वास रोखून बसतात. म्हणजे कागद दाखवता येतात. दाखवणाऱ्याला कागदाची भीती कळली पाहिजे, इतकंच.

ती भीती मला कशी कळली ते आता सांगतो, आणि इथे मला विनोद करायचा नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या टेबलासमोर एक गृहस्थ आले. नीटनेटके, बोलायला अत्यंत नम्र. खातं उघडायचं होतं. पॅन, आधार, वीजबिल, फोटो, सगळं क्रमाने टाचणी लावून आणलेलं. इतके व्यवस्थित कागद पाहून मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. मी त्यांना खुर्ची दिली. चहा मागवणार होतो, तर तेच संकोचाने नको म्हणाले. तीन आठवड्यांनी पोलिसांचं पत्र आलं. दुसऱ्या गावातल्या एका निवृत्त शिक्षिकेला फोनवर घाबरवून तिची आयुष्याची पुंजी काढून घेतली होती, आणि ती त्या खात्यातून पुढे गेली होती. फॉर्मवर माझी सही होती.

सगळे मला म्हणाले, तुमची काही चूक नाही, कागद बरोबर होते. चौकशीतही तेच निघालं. त्या रात्री मला झोप लागली नाही. कादंबरीत एक नियम आहे: घरातल्या कोणीतरी आधी बोलावल्याशिवाय पिशाचाला उंबरा ओलांडता येत नाही. मी बोलावलं होतं. 'या, बसा' म्हटलं होतं.

शोध लावला तो आमच्याकडे नव्याने लागलेल्या एका मुलीने. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिने आधीच्या तीन महिन्यांचे खाती उघडायचे फॉर्म काढले, तारखेप्रमाणे लावले आणि ओळीने वाचत गेली. चार वेगळ्या नावांच्या, चार वेगळ्या पत्त्यांच्या माणसांच्या वीजबिलांवर ग्राहक क्रमांक एकच होता. ते चारही कागद एकेकटे पाहिले तर बरोबर होते. शेजारी ठेवल्यावर चूक दिसली. उरलेली तीन खाती वेळेवर गोठवली गेली. शिक्षिकाबाईंना थोडे पैसे परत मिळाले, सगळे नाही. त्या मुलीचं कोणी चित्र काढणार नाही, सिनेमा तर नाहीच. झगा पसरून येणारा माणूस दारातच ओळखू येतो, त्याला कोणीही हाकलेल. टाचणी लावून येणाऱ्याचं काय करायचं हे ज्या पुस्तकात लिहिलं आहे, त्यातून नेमकं तेवढंच कापून तुम्ही आम्हाला दात दाखवता, ही माझी तक्रार आहे.

आणि हा माझा धंद्याचा अभिमान बोलतो आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी शेवटचा कागद दाखल करतो. ब्रॅम स्टोकर लंडनला नाटक कंपनीचा व्यवस्थापक होण्यापूर्वी डब्लिनला सरकारी नोकरीत होता. त्याचं पहिलं पुस्तक १८७९ साली निघालं. भुताचं नव्हे. आयर्लंडमधल्या लहान कोर्टांतल्या कारकुनांनी आपली कामं कशी करावीत याचं ते मार्गदर्शक होतं! अठरा वर्षांनी त्याने 'ड्रॅक्युला' लिहिलं. माझ्या मते तो त्याच पुस्तकाचा दुसरा भाग आहे.

हे सगळं मी मेहुण्यांना फोनवर ऐकवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पुस्तक पाठवून द्या." मी नोंद करून पाठवून दिलं. परवा रात्री अकरा वाजता त्यांचा फोन आला. आवाज जरा खाली आलेला.

"भाऊजी, आठच पेट्या आहेत हो. नववी कुठे गेली?"

"वाचा पुढे," मी म्हणालो, आणि बऱ्याच दिवसांनी शांत झोपलो.

पुस्तक अजून परत आलेलं नाही. माझ्या कपाटात आता एका पुस्तकाचा फरक येतो आहे. तात्या असते तर वसूल करून ये म्हणाले असते. पण मेहुण्याकडे वसुलीला जाणारा माणूस संसारात सुखी होत नाही.